नवं बांधलेलं इंजिन आणि मिचमिचणारा ऑइलचा दिवा

इंजिन बांधून गाडी घरी आणली आणि चौथ्या दिवशी, कात्रज चौकात सिग्नलला उभा असताना, ऑइलचा लाल दिवा मिचमिचायला लागला. ॲक्सिलरेटरवर जरा पाय दिला की गायब, सोडला की परत हजर. गॅरेजला फोन लावला. उत्तर ठरलेलं होतं: "नवीन काम आहे साहेब, हजार किलोमीटर चालवा, सेट होईल."

सेट होतात त्या पिस्टनच्या रिंगा. नव्या बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, त्या बसेपर्यंत सुरुवातीला ऑइल जरा जास्त लागतं, मग कमी होतं, हे खरं. पण क्रँक (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) आणि त्याला धरणारं बेअरिंग यांच्यातली फट चालवून कमी होत नसते. तिच्यात बदल झालाच तर ती वाढते, आणि तिच्यातून ऑइल निसटून दाब पडतो. त्यामुळे ऑइलच्या दाबाची तक्रार हजार किलोमीटरनंतर आपोआप मिटेल ही आशा सोडा आणि मोजायला लागा.

माझी गाडी जिप्सी, १२९८ सीसीचं जी-१३ बीबी इंजिन. खाली फटींचे जे नेमके आकडे येतील ते जी-१३ कुळातले आहेत. तुमची गाडी ओम्नी असो, बोलेरो असो की शेतातला ट्रॅक्टर, शोधायची पद्धत हीच. आकडे मात्र तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधून घ्या.

दिवा लागला की आधी काय

इंजिन बंद करा. घरापर्यंत हळूहळू जाऊ, हा विचार मनात आणू नका. नव्याने बांधलेलं इंजिन पहिल्यांदा सुरू करताना दहा सेकंदांत दिवा गेला नाही तर चावी मागे. चालू गाडीत दिवा कायम लागला आणि खालून ठकठक ऐकू आली तर गाडी टोइंगनेच न्यायची. फक्त गरम झाल्यावर स्लोला (ॲक्सिलरेटर सोडून इंजिन नुसतं चालू असताना) मिचमिचत असेल आणि आवाज काही नसेल, तर तपासणीपुरतं इंजिन उभ्या जागी चालवता येतं. माझं तसंच होतं.

या दिव्याचं कामही समजून घ्या. तो मीटर नाही. ब्लॉकवर फिल्टरजवळ बसलेला एक साधा स्विच त्याला चालू-बंद करतो. दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली गेला की दिवा लागतो. म्हणजे ४००० आरपीएमला ३ बारच्या वर हवा असलेला दाब १ बारवर आला तरी दिवा गप्पच. दिवा विझलेला आहे म्हणून दाब ठीक आहे, असं त्यामुळे समजायचं नाही.

वायर आधी, पाना नंतर

इंजिन उतरवून परत चढवताना वायरिंगची ओढाताण होते. स्विचची एकुलती एक वायर बेल हाउसिंगच्या बोल्टखाली दबते, नाहीतर मॅनिफोल्डला टेकून जळते. तपासायला पाच मिनिटंही लागत नाहीत. चावी ऑन, इंजिन बंद, दिवा लागलेला दिसला पाहिजे. आता स्विचवरची वायर काढा, दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर वायर कुठेतरी बॉडीला लागतेय आणि इंजिन बिचारं निर्दोष आहे. मग वायरचं टोक ब्लॉकच्या स्वच्छ धातूला टेकवा, दिवा परत लागला पाहिजे.

चावी ऑन केल्यावर दिवा लागतच नसेल तर बहुतेक जण खूश होतात. खरं तर तेच जास्त घातक. बल्ब गेलाय, वायर सुटलीय किंवा स्विचच्या आट्यांवर कोणीतरी टेफ्लॉन टेपचे सात वेढे मारलेत. एका वायरच्या स्विचला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, टेपने ते तुटलं की दाब शून्य झाला तरी दिवा लागणार नाही. आणखी एक घोळ पाहिलाय: स्विचच्या जागी मीटरचा सेंडर (मीटरला दाबाचा आकडा पाठवणारा) बसवलेला. तो रेझिस्टन्स देतो, त्यामुळे दिवा मंदसा कायम जळत राहतो.

गेज लावल्याशिवाय पुढे जाऊ नका

स्विच काढून त्याच जागी मेकॅनिकल गेज लावायचं, ० ते ७ बारचं, लांब होजचं. इथे आट्यांची गंमत लक्षात ठेवा. जपानी वंशाच्या इंजिनांत बहुधा १/८ इंचाच्या ब्रिटिश टेपर आट्या असतात, इंचाला २८. बाजारातले बरेच ॲडॅप्टर अमेरिकन मापाचे, इंचाला २७. पहिले दोन-तीन वेढे छान जातात, मग घट्ट होतं. आपल्याला वाटतं टेपर आहे, बसतंय. आणि ब्लॉकच्या आट्या गेलेल्या असतात. हाताने निम्म्याहून जास्त आत गेलं नाही तर पाना लावू नका, दुकानात परत जा.

आता वही घ्या आणि आकडे लिहा: थंड इंजिन सुरू केल्यावर दाब यायला किती सेकंद लागले, थंड स्लोला किती, पूर्ण गरम झाल्यावर स्लोला किती, आणि गरम असतानाच २०००, ३०००, ४००० ला किती. गरम म्हणजे ऑइल गरम. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी ऑइल मागे असतं, म्हणून त्यानंतर आणखी दहा-पंधरा मिनिटं द्या. मात्र मध्येच दिवा कायमचा लागला किंवा आवाज आला तर तिथेच थांबा.

जुन्या मेकॅनिकांचा एक ठोकताळा आहे, दर हजार आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार. माझ्या इंजिनाला गरम असताना ४००० ला ३ ते ४ बारच्या पट्ट्यात दाब हवा. मिळाले ते आकडे असे: थंड सुरू करताच ४ बार, गरम स्लोला ०.४, गरम ३००० ला २.१ आणि ४००० ला १.६.

शेवटचे दोन आकडे परत वाचा. आरपीएम वाढवला आणि दाब उतरला. मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती हीच एक ओळ.

आकड्यांची चाल कशी वाचायची

दाब शून्य, पहिल्यापासून शून्य: पंपाने ऑइल उचललेलंच नाही, किंवा उचललेलं सगळं वाटेत कुठेतरी मोकळं सुटतंय. पंप कोरडा बसवला, ऑइल शोषणाऱ्या जाळीचा पाइप सैल राहिला, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला, किंवा ब्लॉक उकळून धुताना काढलेला गॅलरीचा (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटेचा) प्लग परत बसवलाच नाही. हा शेवटचा प्रकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. लेथवाला म्हणतो प्लग गॅरेजवाल्याने बसवायचा, गॅरेजवाला म्हणतो लेथवाल्याने.

थंड असताना उत्तम, गरम स्लोला वाईट, पण रेस दिली की वाढत जातो: फटी जास्त आहेत, नाहीतर ऑइल पातळ झालंय, नाहीतर पंप झिजलाय. बांधलेल्या इंजिनात बोट आधी फटींकडेच दाखवायचं.

खाली बरा आणि वर उतरतो: शोषणाच्या बाजूला अडथळा किंवा हवा. उसाचा रस प्यायची स्ट्रॉ चिमटली की जोर लावूनही रस येत नाही, तसं. ऑइल प्रमाणाबाहेर भरलं असेल तर क्रँक ते घुसळून फेस करतो, तेव्हाही असंच दिसतं.

कुठल्याही आरपीएमला एकाच आकड्यावर अडकलेला, समजा २ बार: रिलीफ व्हॉल्व्ह लवकर उघडतोय. ब्रेक मारला, वळण घेतलं, घाटात गाडी नाकावर आली की दिवा: लेव्हल कमी, किंवा डिपस्टिक दुसऱ्याच इंजिनाची. रोज सकाळी सुरू करताना चार-पाच सेकंद उशीर: रात्रभरात फिल्टर रिकामा होतोय, आतला रबरी झडपेचा फिल्टर घ्या.

दाब खूप जास्त आला तर? गरम इंजिनातही काटा ६-७ बारला टेकत असेल तर रिलीफ व्हॉल्व्ह बंद अडकलाय. फिल्टरचा पत्रा फुगतो, सील फुटतं. आणि एक जीवघेणी शक्यता वेगळी: मेन बेअरिंगचे (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणाऱ्या बेअरिंगचे) अर्धे तुकडे उलटे बसवले. जी-१३ मध्ये चर असलेला अर्धा वर ब्लॉकमध्ये आणि सपाट अर्धा खाली कॅपमध्ये, म्हणजे बेअरिंगच्या झाकणात, येतो. उलटं झालं की ऑइलचं भोक झाकलं जातं. गॅलरीत दाब भरपूर, गेज खूश, आणि क्रँक कोरडा. गेजचा आकडा गॅलरीतला असतो, बेअरिंगपर्यंत काय पोचतंय ते तो सांगत नाही.

चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) खोलण्याआधी

डिपस्टिक काढा, लेव्हल बघा आणि वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल, किंवा न भरता लेव्हल वाढलेली असेल, तर ऑइलमध्ये इंधन उतरतंय. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत पेट्रोल पंपाचा पडदा फाटला की हेच होतं.

मग फिल्टर काढून कापा. हेक्सॉने नाही, त्याचाच कीस आत पडतो आणि तुम्ही घाबरता. पत्रा कापायची कात्री वापरा. कागदाच्या घड्या व्हाइसमध्ये दाबून ऑइल काढा आणि उन्हात उलगडा. थोडी करडी धूळ पहिल्या फिल्टरमध्ये येणारच. चुंबक फिरवा: चिकटलं ते लोखंड, बोअर-रिंगांचं. चिकटत नाहीत आणि नखाने दाबता येतात अशा करड्या पापुद्र्या दिसल्या तर ते बेअरिंगचं अस्तर. तांबूस चमक दिसली तर अस्तर संपून खालचा थर सुरू झालाय. तिथे बाकी सगळी तपासणी सोडून द्या, इंजिन उतरवायचंच आहे. माझ्या फिल्टरमध्ये धातू जवळजवळ नव्हता. करड्या रबरासारखे चार-पाच बारीक तुकडे मात्र होते. तेव्हाच शंका आली.

चेंबर खाली

जिप्सीत पुढचा ॲक्सल आडवा येतो, त्यामुळे चेंबर काढणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. गाडी जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, स्टँड लावूनच.

या इंजिनाच्या चेंबरला पॅकिंग नसतं, सीलंट लावतात. बाहेर ओघळ दिसतो तेवढाच आतही गेलेला असतो. माझ्या इंजिनात कोणीतरी ट्यूब रिकामी होईपर्यंत दाबली होती. आतल्या कडेने शेवयांसारखे करडे दोर लोंबत होते. काही तुटून खाली पडले होते आणि जाळीवर त्यांचा थर बसला होता. नखाने खरवडलं तर जाळीचा निम्म्याहून जास्त भाग बुजलेला निघाला. स्लोला पंपाची मागणी कमी, तेव्हा उरलेल्या भोकांतून निदान काम भागायचं. रेस दिली की मागणी वाढायची आणि पंप उपाशी.

जाळी काढलीत तर तिच्या पाइपाच्या तोंडावरची रबरी रिंग बघा. जुनी रिंग चपटी होऊन कडक होते. नवी बसवतानाही दुमडून चिरते. पंप तिथून हवा खेचतो, आणि हवा बाहेर ठिबकत नाही म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. माझी रिंग जुनीच होती, प्लास्टिकसारखी. गुन्हेगार एकाऐवजी दोन निघाले. स्लोला ०.४ मिळत होता तो बहुधा या हवेमुळे.

चेंबरचा तळही हाताने चाचपा. दगडावर आपटून तो वर आला असेल तर जाळीला जवळजवळ टेकतो. रानात फिरणाऱ्या जिप्सींमध्ये हे सर्रास आढळतं.

पंप आणि रिलीफ व्हॉल्व्ह

जी-१३ चा पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर, टायमिंग बेल्टच्या मागे असतो. तिथे जायला बेल्ट, पुल्ली सगळं काढावं लागतं, म्हणून जाळी आणि रिंग आधी. उघडलाच तर पट्टी आडवी ठेवून फिलर गेजने रोटर (पंपाचा फिरणारा भाग) आणि पट्टीतली फट मोजा: ०.१५ मिमीपर्यंत चालते. बाहेरचा रोटर आणि घर यांच्यात ०.३१ पर्यंत. आतल्या भिंतीवर नखाला लागतील असे ओरखडे असतील तर पंप नवा घ्या. इंजिनावर इतका खर्च करून जुनाच पंप परत बसवण्याची काटकसर मला कधीच कळलेली नाही.

रिलीफ व्हॉल्व्हचा प्लंजर ऑइल लावून भोकात सोडा. स्वतःच्या वजनाने सरकला पाहिजे. अडखळला तर बहुधा धुताना राहिलेला कीस आहे.

बेअरिंगची फट, गाडीतच

जाळी स्वच्छ, रिंग नवी, पंप ठीक, तरी गरम स्लोला दाब नाही, मग बेअरिंग. यात आकडेमोड महत्त्वाची आहे. फटीतून गळणारं ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ०.०४ मिमीची फट ०.०८ झाली तर गळती दुप्पट होत नाही, आठपट होते. म्हणून 'थोडं ढिलं आहे, चालेल' हे बेअरिंगच्या बाबतीत चालत नाही.

मोजायला प्लॅस्टिगेज वापरतात, मेणासारखी बारीक दोरी. एक कॅप उतरवा, ऑइल पूर्ण पुसा, दोरीचा तुकडा क्रँकच्या लांबीच्या दिशेने ठेवा, कॅप बसवून टॉर्क पान्याने ठरलेला टॉर्क द्या आणि क्रँक अजिबात न फिरवता परत उघडा. चपट्या झालेल्या दोरीची रुंदी पाकिटावरच्या पट्टीशी ताडायची. गाडीतच मोजताना मेन बेअरिंगसाठी एक चूक हमखास होते: क्रँकचं वजन खाली कॅपवर येतं, फट वर राहते आणि आकडा खोटा कमी दिसतो. शेजारच्या काउंटरवेटखाली लाकूड ठेवून छोट्या जॅकने क्रँक अलगद वर दाबून धरा, मग मोजा. माझ्या इंजिनाचं माप: मेनला ०.०२० ते ०.०४०, हद्द ०.०६०, बिग एंडला (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथल्या बेअरिंगला) ०.०२० ते ०.०५०, हद्द ०.०८०.

कॅप उघडीच आहे तर बेअरिंगच्या पाठीवरचा छाप वाचा. क्रँक ०.२५ ने ग्राइंड केला असेल तर तिथे ०.२५ दिसलं पाहिजे. कॅपवरचे आकडे क्रमाने आणि बाण पुल्लीकडे आहेत ना, तेही बघा. कॅपची अदलाबदल झाली की भोक गोल राहत नाही.

एवढं करून गळती सापडत नसेल तर एक जुनी युक्ती आहे. बागेत फवारणीचा हातपंप मिळतो, हवा भरायचा, पाच लिटरचा. नवाच घ्या, औषध मारलेला नको. त्यात इंजिन ऑइल भरा, त्याची नळी स्विचच्या भोकाला जोडा आणि चेंबर उघडं ठेवून दाब द्या. खाली झोपून बघा. प्रत्येक बेअरिंगच्या कडेने थेंब-थेंब पडलं पाहिजे. एकाकडून धार लागली तर दोषी तोच. फ्लायव्हीलच्या बाजूने भळभळलं तर विसरलेला प्लग. एखाद्या ठिकाणी थेंबही नाही तर तिथलं भोक झाकलं गेलंय. क्रँक थोडा-थोडा फिरवून परत बघा. वर्तमानपत्रं भरपूर अंथरा.

वरच्या बाजूचंही एक सांगतो. काही इंजिनांत ब्लॉकमधून हेडकडे जाणाऱ्या वाटेत बारीक भोकाचं जेट असतं. धुताना ते निघून हरवलं तर सगळं ऑइल वर धावतं आणि खालचा दाब पडतो.

जे उपाय करू नयेत

घट्ट ऑइल हा गॅरेजचा आवडता तोडगा. १०० अंशाला ४० ग्रेडचं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) असतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९. म्हणजे मध्याला मध्य धरला तर तिसरा हिस्सा वाढ. गळती आठपट वाढलेली असताना तिथे हे काय करणार? दिवा विझेल, बस. रिलीफच्या स्प्रिंगमागे वॉशर टाकणं त्याहून निरर्थक आहे: गरम स्लोला तो व्हॉल्व्ह बंदच असतो, वॉशरमुळे फक्त वरचा, थंडीतला दाब वाढतो. आणि कमी दाबाला चालणारा दुसरा स्विच बसवून दिवा घालवणारे महाभागही मी पाहिलेत.

परत बंद करताना

सीलंटची रेघ तीन-चार मिलिमीटरची पुरे, बोल्टच्या भोकांना आतून वळसा घालून. कॉटन वेस्टने आतून पुसू नका, धागे राहतात. पंप खोलला असेल तर रोटरमध्ये ऑइल किंवा पेट्रोलियम जेली भरूनच बंद करा, नाहीतर तो हवा घुसळत बसतो. नवा फिल्टर ऑइलने अर्धा भरून लावा, आणि जुन्या फिल्टरचं रबर ब्लॉकला चिकटून राहिलं नाही ना बघा.

सुरू करण्याआधी स्पार्क प्लग काढा, पेट्रोल पंपाचा फ्यूज आणि कॉइलची जोडणी सोडा. गेज लावलेलंच ठेवा. दहा सेकंद सेल्फ मारा, अर्धा मिनिट थांबा, परत मारा. प्लग नसल्याने बेअरिंगवर भार नसतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला काटा हलायला हवा. चार-पाच खेपांत हलला नाही तर सेल्फ जाळू नका. स्विचच्या भोकातून ऑइलच्या कुपीने गॅलरीत ऑइल भरा आणि परत बघा.

माझा काटा तिसऱ्या खेपेला उठला. गरम झाल्यावरचे आकडे: स्लोला १.१, ३००० ला ३.०, ४००० ला ३.६. पाचशे किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदलून परत घेतले, स्लोला १.१ च होता. जुन्या जाळीचा फोटो आणि दोन्ही वेळचे आकडे गॅरेजवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवले. चेंबर खोलायची मजुरी त्याने परत दिली, सीलंटबद्दल मात्र अजून चकार शब्द काढलेला नाही.